ट्रकला पावणेचार मीटर, हमालाला किती?

शहरात अतिक्रमण कोण करतो असे विचारले की सगळ्यांचे बोट फेरीवाल्याकडे, हातगाडीकडे आणि झोपडीकडे वळते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये कलम ३१४ आहे. रस्त्यावर विक्रीला मांडलेला माल या कलमाखाली नोटीस न देताही उचलता येतो. भाजीची पाटी, चपलांचे बोचके, चहाची किटली सगळे गाडीत फेकले जाते आणि दुसऱ्या दिवशी 'रस्ते मोकळे झाले' अशी बातमी येते.

त्याच फेरीवाल्याच्या पाठीमागे एखादी व्यापारी इमारत उभी असते. खाली दुकाने, वर गाळे आणि कार्यालये. सकाळपासून तिच्या दारात टेम्पो एकामागे एक लागतात. रस्त्याची एक बाजू अडते, फुटपाथवर गोण्यांची थप्पी लागते आणि हमाल चालत्या गाड्यांमधून वाट काढत पाठीवरचे ओझे आत नेतात. ही इमारत वर्षानुवर्षे सार्वजनिक रस्ता स्वतःचे अंगण म्हणून वापरते. या अंगणाचे भाडे तिच्याकडे कोणी मागत नाही आणि तिला अतिक्रमणही कोणी म्हणत नाही.

आम्ही म्हणतो. ज्या व्यापारी इमारतीचा माल रोज रस्त्यावर उतरतो, ती इमारत अतिक्रमण करते आहे. हे थांबवण्यासाठी नियम आहे. पण तो नियम अपुरा आहे, त्याची अंमलबजावणी दुबळी आहे, आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे तो ट्रकचे माप घेऊन थांबतो. ट्रकमधले ओझे उतरवणाऱ्या माणसाचे माप त्याने कधी घेतलेच नाही.

काही मित्र विचारतील की पार्किंग आणि लोडिंग हा आंबेडकरी चळवळीचा विषय कधीपासून झाला? आमचे उत्तर असे की शहराच्या नकाशावर कोणाला जागा मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न चळवळीच्या जन्मापासून आपलाच आहे. गावात गावकुसाबाहेरची रेघ डोळ्यांना दिसत होती. शहरात ती रेघ नियमावलीच्या तक्त्यात लपते, म्हणून तो तक्ता वाचायला शिकले पाहिजे.

नियम काय सांगतो

मुंबईत १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली होती. २०१८ मध्ये तिच्या जागी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आली. दोन्हींत माल वाहनांसाठी जवळपास तीच तरतूद आहे. कार्यालये, बाजार, डिपार्टमेंट स्टोअर अशा व्यापारी इमारतींना, तसेच औद्योगिक आणि साठवणुकीच्या इमारतींना, इतर पार्किंगखेरीज माल वाहनांसाठी वेगळी जागा द्यावी लागते. पहिले ४०० चौरस मीटर सोडून पुढच्या दर २,००० चौरस मीटरला किंवा त्याच्या भागाला एक जागा. जागेचा आकार किमान ३.७५ मीटर बाय ७.५ मीटर. आणि शेवटी एक छोटेसे वाक्य: सहापेक्षा जास्त जागांचा आग्रह धरायची गरज नाही.

आता हिशेब करू. ५०,००० चौरस मीटरचा मोठा मॉल घ्या. दर २,००० ला एक या प्रमाणात त्याला माल वाहनांच्या २५ जागा लागल्या असत्या. वरच्या मर्यादेमुळे त्याला सहा पुरतात. राष्ट्रीय इमारत संहितेचा साचा पहिले २०० चौरस मीटर सोडून दर १,००० चौरस मीटरला एक जागा मागतो. त्या दराने याच इमारतीला ५० जागा लागतात. देशाची संहिता ५० म्हणते आणि देशाची आर्थिक राजधानी सहावर भागवते.

याच नियमावलीत मोटारींसाठी काय आहे? दुकाने आणि बाजाराच्या इमारतींना पहिल्या ८०० चौरस मीटरपर्यंत दर ४० चौरस मीटरला एक आणि त्यापुढे दर ८० चौरस मीटरला एक जागा. आपल्या ५०,००० चौरस मीटरच्या मॉलला या दराने ६३५ मोटारींची जागा द्यावी लागते. मोटारींना ६३५, मालाला सहा. खरेदीला येणाऱ्याची गाडी इमारतीच्या पोटात सावलीत उभी राहते. त्याने खरेदी केलेला प्रत्येक कपडा, प्रत्येक तांदळाचा दाणा, प्रत्येक फ्रिज ज्या गाडीतून आला, ती रस्त्यावर उन्हात उभी असते. नियमावली कोणाच्या सोयीसाठी लिहिली गेली हे समजायला यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा?

आकाराचेही तसेच. साडेसात मीटरच्या चौकटीत छोटा टेम्पो आणि मध्यम ट्रक मावतो. ४० फुटी कंटेनर मात्र एकटाच १२ मीटरहून लांब असतो, त्याला ओढणारे डोके वेगळेच. तो चौकटीत मावत नाही, म्हणून रस्त्यावर थांबतो. १९९१ नंतर बाजाराची रीत बदलली. ऑनलाइन खरेदी आली, दुकानदार मोठा साठा न ठेवता रोज थोडा थोडा माल मागवू लागला, फेऱ्या वाढल्या. तरतूद मात्र तिथेच राहिली.

कागदावरची जागा जाते कुठे?

समजा, सहा जागा तरी दिल्या. मंजूर नकाशात त्या दिसतात, भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत जमिनीवर पिवळे पट्टेही दिसतात. पुढे काय होते ते कुठल्याही व्यापारी इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहावे. एका जागेवर जनरेटर आलेला असतो, दुसऱ्यावर कचऱ्याचे डबे, तिसऱ्यावर जाळी मारून दुकानाचे गोदाम, चौथ्यावर मालकाची मोटार. उरलेल्या जागेकडे जाणारा उतार इतका चढा किंवा छत इतके खाली की भरलेला टेम्पो तिथे जाऊच शकत नाही. मग सुरक्षारक्षक टेम्पोवाल्याला हात दाखवतो, 'बाहेर लाव.'

बाहेर लावला की दंड कोणाला? टेम्पोच्या चालकाला. चलान गाडीच्या नंबरवर फाटते आणि बहुतेक वेळा चालकाच्या कमाईतून कापले जाते. ज्या इमारतीने जागा गिळली तिच्या नावावर चलान फाटत नाही. गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी घातली की तोच चालक शहराच्या वेशीवर तासन् तास अडकून पडतो, आणि हमालांचे काम रात्रीवर ढकलले जाते. सगळ्या साखळीत नियम मोडणारा एक आणि शिक्षा भोगणारे दुसरेच.

मंजूर नकाशाविरुद्ध जागेचा वापर बदलणे हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली गुन्हा आहे. कलम ५२ आणि ५३ त्यासाठीच आहेत. म्हणजे महापालिकेच्या हातात कायदा नाही असे नव्हे. कलम ३१४ चा हात फेरीवाल्यापर्यंत तासाभरात पोहोचतो आणि कलम ५३ चा हात इमारतीच्या मागच्या दारापर्यंत वर्षानुवर्षे पोहोचत नाही. यालाच आम्ही व्यवस्था म्हणतो.

दोन कायदे आणि मधला माणूस

१९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारात उभी केलेली संघटना, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, अशा अनेकांच्या लढ्यांनी ओझे उचलणाऱ्या माणसाला कायद्यात नाव मिळाले. मालक, कामगार आणि शासन यांची मंडळे झाली, मजुरी मंडळात जमा होऊ लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. अंगावर १०० किलोचे पोते घेणाऱ्या पिढीने ५० किलोच्या पोत्यासाठी लढा दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारसही प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगते.

पण हा कायदा कामगार विभागाचा. तो हमालाला ओळखतो, त्याची जागा मात्र आखू शकत नाही. इमारतीची नियमावली नगरविकास विभागाची. ती जागा आखते, पण हमालाला ओळखत नाही. दोन खात्यांच्या मधल्या फटीत आपला माणूस पाठीवर पोते घेऊन उभा आहे. नियमावलीत ट्रकचे पावणेचार बाय साडेसात मीटर मोजले आहेत. ट्रकमधून उतरलेले ओझे गाळ्यापर्यंत कोणत्या वाटेने जाईल, त्या वाटेत किती पायऱ्या आहेत, मालाची लिफ्ट जवळ आहे की नाही, उतरवणाऱ्याने पाणी कुठे प्यायचे, लघवीला कुठे जायचे, दोन गाड्यांच्या मध्ये पाठ कुठे टेकायची, यातले माल चढ-उताराच्या तरतुदीत काहीच नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने १५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची जागा आणि २५० हून अधिक असतील तर उपाहारगृह मागितले. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी तर प्रत्येक कारखान्याला बंधनकारक केले. कारखान्यात जे मान्य झाले ते व्यापारी इमारतीच्या दारात येईपर्यंत विरून जाते, कारण हमाल त्या इमारतीचा कामगार मानला जात नाही. तो फक्त मालाबरोबर येतो आणि मालाबरोबर जातो. बाजारात धान्य निवडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायकांची गत तर याहून वाईट. पुरुष भिंतीच्या आडोशाला जातो. बाई दिवसभर पाणी पीत नाही.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जात आणि श्रम यांचे नाते उघड केले. जात कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकाखाली एक रचते, हे त्यांनी दाखवून दिले. त्याआधी, १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी, विणकाम खात्याचा दरवाजा अस्पृश्य कामगारांना बंद का, हा सवाल त्यांनी केला होता. गिरणीच्या आत कोण कुठपर्यंत येऊ शकतो हे जात ठरवत होती. आज इमारतीत समोरची लिफ्ट आणि मागची लिफ्ट वेगळी असते, डिलिव्हरी देणाऱ्या पोराला समोरच्या दाराने येऊ देत नाहीत, हमालाने गाळ्याच्या पायरीवर बसलेले चालत नाही. पाटी कोणी लावली नसली तरी पाटीवरचा मजकूर सगळ्यांना पाठ आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मुंबईच्या बाजारातल्या माथाडींमध्ये सातारा-सांगलीकडून आलेले मराठा समाजाचे कष्टकरी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याबरोबर बौद्ध आहेत, मातंग आहेत, ओबीसी आहेत, मुसलमान आहेत, आणि आता उत्तरेकडून आलेले मजूर आहेत. पोत्याखाली वाकलेली पाठ कोणत्या जातीची हे पोत्याला कळत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात ते सगळ्या कामगारांसोबत रस्त्यावर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही कामगारांचे शत्रू आहेत असे त्यांनी त्याच वर्षी मनमाडच्या परिषदेत बजावले होते. माल चढ-उताराच्या जागेचा प्रश्न हा अशा एकजुटीचा प्रश्न आहे. ज्यांना आरक्षणाच्या नावाने एकमेकांसमोर उभे केले जाते, ते रोज एकाच टेम्पोमागे उभे असतात.

ठराव आणि पाणी यांतले अंतर

नियम पुस्तकात असणे आणि जमिनीवर असणे यांतले अंतर आंबेडकरी माणसाला शिकवावे लागत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. पाण्याला हात मात्र २० मार्च १९२७ ला लागला, तोही हजारो लोक चालत गेले तेव्हा, आणि त्याबद्दल मार खावा लागला तो वेगळाच.

तळे सार्वजनिक होते, पण त्यावर ताबा काहींचा होता. रस्ताही सार्वजनिक आहे आणि त्यावर ताबा कोणाचा आहे हे आपण पाहतो. या दोन अन्यायांची तीव्रता सारखी आहे असा आमचा दावा नाही. धडा मात्र एकच आहे: जो नियम आपल्या बाजूचा आहे तो आपण हातात घेऊन तिथे जाईपर्यंत तो कागदच राहतो.

आक्षेप आणि उत्तरे

बिल्डर म्हणतील, जमीन महाग आहे, ट्रकला इतकी जागा दिली तर परवडत नाही. ज्या इमारतीला ६३५ मोटारी परवडतात तिला २५ ट्रक का परवडू नयेत? नियमानुसार द्यायच्या पार्किंगचे क्षेत्र साधारणपणे चटईक्षेत्रात मोजलेही जात नाही. काही मोटारींच्या जागा कमी करून मालाच्या जागा वाढवल्या तर एकूण क्षेत्र फारसे वाढणार नाही. आणि परवडत नाही म्हणजे काय? तो खर्च नाहीसा होत नाही. रुग्णवाहिका अडते, शाळकरी मुले फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात, व्हीलचेअरला वाट राहत नाही, हमालाच्या पायावरून चाक जाते. नफा इमारतीचा आणि खर्च जनतेचा, असा हा परवडण्याचा अर्थ आहे.

जुन्या बाजारांतले छोटे व्यापारी म्हणतील, मशीद बंदर, भुलेश्वरच्या गल्ल्यांत आम्ही ट्रकला जागा आणायची कुठून? हा आक्षेप खरा आहे. दहा बाय दहाच्या गाळ्यावर हा नियम लादावा असे आम्ही म्हणत नाही. ४०० चौरस मीटरची सूट त्यासाठीच आहे. जुन्या पेठांत रस्त्यावरच वेळेच्या पट्ट्यासह चढ-उताराच्या जागा अधिकृतपणे आखाव्यात. आणि जिथे समूह पुनर्विकासाखाली अख्ख्या गल्ल्या पाडून मनोरे उभे राहतात, तिथे सगळ्या गल्लीचा मिळून एक सामाईक चढ-उतार तळ आधी आखावा, मग मनोरा. घाऊक शेतमालाचे बाजार मुंबईच्या दाटीतून काढून वाशीला नेता आले. म्हणजे ठरवले की मालाला जागा सापडते.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे आणि तो आम्ही सर्वात गांभीर्याने घेतो. ट्रकच्या फळीच्या उंचीचा ओटा झाला, ट्रॉली आली, मालाची लिफ्ट आली, तर दहा हमालांचे काम तीन जण करतील. मग बाकीच्यांनी काय करायचे? बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. यंत्र माणसाला पशूच्या कष्टातून सोडवते, त्याला विसावा आणि विचाराला वेळ देते, म्हणून ते यंत्राच्या बाजूने होते. त्यांचा आक्षेप यंत्राचा फायदा मूठभरांनी लाटण्याला होता. म्हणून मागणी अशी असावी की ट्रॉली आणि लिफ्ट चालवण्याचे काम नोंदणीकृत माथाडीलाच मिळावे आणि वाचलेल्या कष्टाचा हिस्सा मजुरीत यावा. मणक्याचा चुरा होईपर्यंत पोती वाहणे हा रोजगाराचा हक्क नव्हे. काम टिकवण्यासाठी पाठ मोडून घ्यायची, ही अट बाबासाहेबांच्या लेकरांनी मान्य करण्याचे कारण नाही.

आमच्या मागण्या

१. मुंबईच्या नियमावलीतली सहा जागांची वरची मर्यादा रद्द करा आणि दर निदान राष्ट्रीय इमारत संहितेइतका करा.

२. मोठ्या इमारतींत किमान काही जागा लांब वाहनांसाठी असाव्यात. छताची उंची, उताराचा चढ आणि वळण्याची जागा यांची मोजमापे नियमातच लिहा.

३. चढ-उताराची जागा ते मालाची लिफ्ट हा मार्ग पायरीविना असावा आणि तो मंजूर नकाशात दाखवावा.

४. प्रत्येक चढ-उताराच्या जागेशेजारी पिण्याचे पाणी, स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि बसायला सावलीची जागा बंधनकारक करा. त्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका.

५. जागेचा वापर बदलला तर दंड इमारतीच्या मालकावर आणि सोसायटीवर बसवा, टेम्पोच्या चालकावर नको.

६. पथविक्रेता कायदा, २०१४ ने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना किमान ४० टक्के जागा दिल्या. माल वाहतुकीचे नियोजन करणाऱ्या प्रत्येक समितीत हमाल, माथाडी आणि चालक यांनाही तसेच प्रतिनिधित्व हवे. ज्याच्या पाठीवर शहर चालते त्याला नकाशाच्या टेबलाशी खुर्ची मिळालीच पाहिजे.

या मागण्या आकाशातून पडणार नाहीत. नियमावलीत बदल करण्यासाठी १९६६ च्या अधिनियमात कलम ३७ ची वाट आहे. तिच्यात हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत असते. बिल्डरांच्या संघटना ती मुदत कधी चुकवत नाहीत. आपण ती जाहिरात वाचतसुद्धा नाही. पुढच्या वेळी प्रत्येक बाजारातून, प्रत्येक वस्तीतून हरकती गेल्या पाहिजेत.

आणि त्याची वाट न पाहता एक काम उद्यापासून करता येईल. आपल्या भागातल्या एका मोठ्या व्यापारी इमारतीचा मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जाला दहा रुपये लागतात. नकाशात माल वाहनांच्या किती जागा आहेत ते मोजा. मग तिथे जाऊन प्रत्यक्षात किती उरल्या आहेत ते पाहा, तारखेसह फोटो काढा आणि वॉर्ड कार्यालयात कलम ५३ खाली लेखी तक्रार द्या. पोच घ्या. उत्तर आले नाही तर पुन्हा माहिती मागवा. एका वॉर्डात दहा इमारतींचे असे कागद जमले की अतिक्रमण कोण करतो या प्रश्नाचे उत्तर महापालिकेच्याच शिक्क्यानिशी आपल्या हातात असेल.

शिका, म्हणजे नियमावलीही वाचा. संघटित व्हा, म्हणजे टेम्पोच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येकासोबत उभे राहा. आणि संघर्ष करा, रस्त्यासाठी, कारण तो आपल्या सगळ्यांचा आहे.

जय भीम! जय संविधान!